गौरीच्या आधीची वाटी

सकाळी पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी आमच्या ओट्यावर उतरते आणि त्या पट्टीत शैला दोन्ही हात पुढे करून, बोटं फाकवून, समोरून येणाऱ्या कुणाला थांबवावं तशी उभी राहते. फुलपाड्यात इमारती इतक्या जवळ आहेत की समोरच्या गॅलरीतल्या माणसाला हा एखादा योगासनाचा प्रकार वाटत असेल. ती फक्त तळवे पाहत असते. ते पाखराच्या पंखासारखे फडफडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं. उन्हात तिच्या बोटांच्या कडा तांबूस होतात, सैल झालेल्या बांगड्या किणकिणतात आणि थांबतात, हात स्थिर असतात. मग "चला, आजचा दिवस आपला," असं म्हणून ती त्याच हातांनी पातेलं उचलते.

शैला माझी बायको. काविळीचा एक छुपा विषाणू तिच्या शरीरात कधी शिरला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा यकृत जागोजागी निबर झालं होतं. निबर हा तिचाच शब्द, एरवी भेंडीसाठी वापरायची. यकृताने न गाळलेलं विष डोक्याकडे चढू लागलं की आधी तळवे फडफडतात, म्हणून ती सकाळची तपासणी. दारूचा थेंबही न घेणाऱ्या बाईला लिव्हरचा आजार कसा, असं इमारतीतल्या एका बाईंनी जिन्यात विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "चोरून पिते हो. ह्यांनाही माहीत नाही." त्या बाई पुढचे दोन मजले भरभर चढून गेल्या.

दिवसभराचं सगळं मीठ एका लहान, सपाट चमच्यात बसवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी हिशेबी माणूस. सपाट म्हणजे नेमकं किती, हे मी सुरीच्या पात्याने चमचा निरपून तिला दाखवू लागलो. तिने सुरी माझ्या हातातून घेतली, कांदा चिरायला लागली आणि त्या आठवड्यात घरातून पापड, लोणचं, फरसाण नाहीसं झालं. मीठ मागे सरलं तशा बाकीच्या चवी पुढे आल्या. घरातला मोठा बोलायचा थांबला की धाकटे बोलू लागतात, तसं कोकम, लिंबू, भाजलेलं जिरं, ओली मिरी एकेक करून बोलू लागली. अर्नाळ्याहून टोपली घेऊन येणारी मावशी दारात बसून म्हणायची, "सुकट घे बाय, नायतर मंग म्हनशील मावशीनं इचारलं नाय." शैला म्हणे, "सुकटीबरोबर अख्खा समुद्र येतो गं घरात. मला नुसता मासा दे." कारण मासळी, डाळ, अंडं हे रोज हवंच होतं, अंगावरचं मांस झिजू द्यायचं नव्हतं.

आमचं जेवण मात्र तिने कधी अळणी होऊ दिलं नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. लग्न झाल्यापासून दर सणाला तिने तो न चाखता केला. उकळीच्या आवाजावरून, वाफेच्या वासावरून, चिमटीतल्या वजनावरून मीठ घातलं. आता तीच विद्या ती रोज वापरते. "मी आता रोजच नैवेद्य करते," ती म्हणते, "देव तेवढे जाड झालेत."

मिठाहून अवघड होतं ते उपाशी न राहणं. निरोगी यकृत दिवसा आलेल्या अन्नातून रात्रीची शिदोरी बांधून ठेवतं. तिच्या यकृताच्या कणगीत साठा टिकत नाही, आणि पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर स्वतःचीच भिंत पोखरू लागतं. म्हणून झोपण्याआधी एक वाटी दूध-पोहे, आणि उठल्यावर पुन्हा लवकर काहीतरी. सोमवार सुटले, चतुर्थी सुटली, हरतालिकाही सुटली, तिने कुरकुर केली नाही. राहिला तो गौरीपूजनाचा नियम. आमच्याकडे स्वयंपाक करणारी बाई गौरीला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालत नाही, आणि नैवेद्याला दुपार होते. गेल्या वर्षी शैलाने तो पाळला. संध्याकाळी तिचे शब्द एकमेकांत मिसळू लागले, मला तिने माझ्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली, आणि गौर घरात उभी असताना आम्ही दोघं दवाखान्यात होतो.

त्यानंतर आचोळ्याच्या माझ्या मोठ्या वहिनींनी स्पष्ट सांगून टाकलं: नियम झेपत नसेल तर पुढच्या वर्षापासून गौरी आचोळ्याला बसतील. त्यात कुचकेपणा नव्हता, काळजी होती. पण काळजीनेसुद्धा घरातली गौर उचलून नेता येते. तरी यंदाही शैलाने गौर इथेच बसवली. वहिनी आदल्या दिवशीच आल्या होत्या.

पूजेच्या सकाळी वालाच्या बिरड्याचा कडसर-गोड वास घरभर होता, अळूचं फदफदं रटरटत होतं, घावनांचं पीठ झाकून ठेवलं होतं. बाहेर जोरदार सर येऊन गेली होती आणि हॉलमध्ये गौरीच्या जरीवर ओला, मऊ उजेड पडला होता. शैलाने गॅस बारीक केला, मुगाची मऊ खिचडी वाटीत घेतली, लिंबू पिळलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड न बसता स्टूल ओढून सरळ गौरीच्या समोर येऊन बसली.

"अगं शैला!" वहिनी म्हणाल्या. "नैवेद्य व्हायचाय अजून!"

"दाखवते ना, ताई. उभी राहू शकले तर दाखवीन."

"म्हणून गौरीच्या आधी जेवायचं?"

"माहेरवाशीण आहे ती. नणंद माहेरी आली, की आत शिरतानाच काय विचारते? वहिनी, तू काही खाल्लंस का?"

"आपली नणंद?" वहिनी फटकन म्हणाल्या. "मला नाही बाई कधी विचारलं."

माझ्या बहिणीच्या बाजूने मी काहीतरी बोलणार होतो. शैला हसली, पण चमचा थांबला नाही. तोंडाशी जाणारा तो हात मी पाहत होतो, सकाळी उन्हात असतो तितकाच निवांत होता. मग वहिनींनी शेवटचं अस्त्र काढलं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आई असत्या तर?"

"आई असत्या," शैला म्हणाली, "तर त्यांनीच वाटी भरून दिली असती."

वहिनींनी पदराने कपाळ टिपलं, हळूच खाली बसल्या. "घाल थोडी मलाही. सकाळपासून डोकं धरलंय." पहिल्याच घासाला त्यांचा चेहरा वाकडा झाला. "ह्यात मीठ कुठाय?"

"वरून घ्या. तुमचं लिव्हर ठणठणीत आहे."

दुपारी नैवेद्य झाला. बिरडं न चाखता केलेलं होतं, आणि त्यातलं मीठ जिथे असायला हवं तिथेच होतं. संध्याकाळी दारात हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना शैला नावानिशी हाका मारत होती, एकही नाव चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जन करून निघताना वहिनी चपला घालता घालता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी दोन दिवस आधी येते. वाल सोलायला." कुठे यायचं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मी माझ्या आईला चांगला ओळखत होतो. अंगात ताप असतानाही नैवेद्याआधी तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि दुसऱ्या कुणी घेतलेला तिला चाललाही नसता. तिने ती वाटी दिली नसती. पण शैलाने ते इतक्या खात्रीने म्हटलं आणि वहिनींनी इतक्या सहज मानलं, की त्या दोघींसमोर माझी माहिती फिकी वाटली. माणूस गेलं की त्याचा स्वभाव मागे राहिलेल्यांच्या हाती येतो. ते तो दर वर्षी थोडा मऊ करत नेतात, आणि अजून काही भाद्रपद सरले, की या घरात सगळ्यांना, बहुधा मलाही, स्पष्ट आठवेल की ती वाटी आईनेच भरून दिली होती.