पश्चिमेचा पाणलावा

मित्रांनो, मला कान नाहीत, पण पोटात सगळे आवाजच आहेत. मी एक जुनी वही. उत्तर आइसलंडमधल्या मेंढ्यांच्या एका फार्मवर, स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा मुक्काम.

मला मॉडनं आणलं. मॉड इंग्लंडची, या घरची नवी सून. नवरा सहा-सहा आठवडे मासेमारीच्या बोटीवर, घरात सोबतीला फक्त सासरा, आउस्मुंदुर. बोलायचं तर भाषा हवी! म्हणून माझ्या पानांवर मधोमध रेघ मारली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आइसलँडिक. सुरुवात आवाजांपासून झाली, कारण त्या दरीत दुसरं होतं काय? मॉड डावीकडे 'मर्मर' लिही, म्हातारा ओढ्याकडे बोट दाखवून 'निदुर' म्हणे. बुटाखाली बर्फ करकरला की 'मार्र'. गवतातून वारा सळसळला की 'थीतुर'.

पाणलाव्यावरून मात्र भांडण झालं. हा पक्षी वसंतात उंचावरून सूर मारतो आणि शेपटीची पिसं थरथरवून आवाज काढतो. मॉडनं लिहिलं, 'ड्रमिंग'.

"ढोल?" म्हातारा उखडला. "अगं, आकाशात ढोल कोण बडवणार! घोडं खिंकाळतंय ते. लिही, ह्नेग."

"आणि घोडं आकाशात चालतं वाटतं?"

दोघंही इतके हसले की माझ्या अंगावर कॉफी सांडली.

वर्षातला पहिला पाणलावा ज्या दिशेनं ऐकू येतो, तसं माणसाचं वर्ष जातं, असं इथं मानतात. पूर्वेला धन, दक्षिणेला सुख, उत्तरेला विद्या. पश्चिमेला मात्र हाल. आणि ज्याला ऐकूच आला नाही, त्याच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

पुढे मॉड फडाफडा बोलू लागली आणि मी मागे पडले. माझ्यावर गरम कप ठेवायचे हो! वाईट वाटलंच. मग एका हिवाळ्यात म्हाताऱ्यानं मला पुन्हा हातात घेतलं. रोज सकाळी नाकाशी धरून तो उजवी बाजू वाचायचा. शेजारी किटली शिट्ट्या मारून आटली तरी त्याला पत्ता नसे. तेव्हा मला कळलं. आवाज त्याला सोडून गेले होते, शब्द तेवढे माझ्यापाशी उरले होते.

तो कुणाला सांगत नव्हता. मागच्या वसंतात "दक्षिणेकडून ऐकला" अशी त्यानं चक्क थाप मारली होती. यंदा वसंत आला, तेव्हा थापही मारवेना. एकदा 'ह्नेग'वर बोट ठेवून पुटपुटला, "नाही ऐकला, म्हणजे आपली वर्षं संपली." पण बहिऱ्याचं पुटपुटणं ते! दारातल्या मॉडनं शब्दन् शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं अंगणात होते, मी मॉडच्या एप्रनच्या खिशात. पश्चिमेच्या दलदलीवर यंदाचा पहिला पाणलावा खिंकाळला. म्हाताऱ्याची मान वर झाली नाही. मॉड त्याच्या समोर आली आणि ओठ नीट दिसतील असं म्हणाली, "काही ऐकलंत?"

"नाही गं पोरी. मला काहीच ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

"मग उत्तम! पश्चिमेचा होता मेला. तुम्ही ऐकलाच नाही, म्हणजे तो तुमचा नव्हेच. चला!"

चिखल तुडवत, दलदलीला वळसा घालून तिनं त्याला पलीकडे, उत्तरेच्या काठावर नेलं. "मारतेस का मला!" तो धापा टाकत होता. तिथं तिनं त्याचं तोंड दक्षिणेला केलं आणि मागून खांद्यावर हात ठेवला. पक्ष्यानं सूर मारला. आवाज चालू होता तोवर तिची बोटं त्याच्या खांद्यावर थरथरत राहिली. पुन्हा सूर, पुन्हा बोटं.

"ह्नेग," म्हातारा म्हणाला. "दक्षिणेला!" आणि ढसाढसा रडला.

मग एकदम दचकून वळला. "अगं, पण तू तर पश्चिमेचा ऐकलास!"

"तुम्ही सुखात असलात तर माझे हाल करणार कोण?" मॉड डोळे पुसत म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या कानांतून आवाज हळूहळू निघून जात असतील. त्यांच्यावर खेकसू नका. समोर या, खांद्यावर हात ठेवा, काय वाजतंय ते सांगा. तुमचं खेकसणं त्यांना ऐकू येत नाही, चेहरा मात्र दिसतो.