आकडा बदलला

"नाही म्हणू नकोस. मरणाऱ्याशी खोटं बोलू नये," दादा म्हणाला आणि एवढं बोलूनच त्याला धाप लागली.

इस्पितळातल्या त्याच्या खाटेशेजारी धाकटा भाऊ स्टुलावर बसला होता. सरकारी लॉटरीच्या सोडतीआधी आकड्यांचे रबरी गोळे तोलून पाहणं हे त्याचं काम. एकही गोळा हलका-जड निघता कामा नये. अंगात बिनखिशाचा डगला, बाह्या कोपराच्या वर आणि समोर साक्षीदार. गल्लीत त्याला 'काटेवाला' म्हणत. आणि आकडा आधीच ठरलेला असतो, हे तर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं! कोणी म्हणे, गोळे बर्फात ठेवतात. कोणी म्हणे, एका गोळ्यात लोखंडाचा कीस भरतात. दादाचं केस कापायचं दुकान म्हणजे या शास्त्राचं विद्यापीठच. गिऱ्हाइकाने मान खाली घातली की दादाची कात्री आणि जीभ बरोबरीने चालायची.

तोवर सगळं हसण्यावारी जायचं. मग दादाची पोर आजारी पडली. मोठ्या शहरात उपचार होते, पण ते ऐपतीबाहेरचे. धाकट्याला खांद्यावर बसवून मोठा केलेला दादा त्याच्या दारात हात जोडून उभा राहिला.

"एकदाच सांग. पुन्हा तोंड उघडणार नाही."

"अरे, आकडा ठरलेला नसतोच रे दादा! आईशप्पथ!"

पोर गेली. दादाने बोलणं टाकलं ते टाकलंच. एका गल्लीत राहून भावाने भावाला ओळख दिली नाही. आणि काटेवाल्याचं म्हणाल, तर काचेच्या पिंपात गोळे उसळायला लागले की पलीकडे त्याला ती पोर दिसायची. दोन वेण्या, नाक काचेला टेकवलेलं. काही मागायची नाही, नुसती बघत राहायची. त्याने हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला?

आता इतक्या वर्षांनी दादाने आपणहून निरोप धाडला होता, आणि मागणं तेच. हाव म्हणावी तर तीही नाही. जाताना बरोबर काय नेणार होता? "तुझ्या तोंडून ऐकायचंय," एवढाच त्याचा धोशा.

काटेवाल्याचा जीव तुटला. तो वाकला आणि दादाच्या कानात तोंडाला आला तो आकडा सांगून मोकळा झाला. पायथ्याशी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी सोडत झाली. आकडा अर्थातच भलताच निघाला. शिव्या खायच्या तयारीनेच काटेवाला वॉर्डात शिरला, तर दादाचा चेहरा उजळलेला!

"बदलला! तू फोडलास हे त्यांना कळलं, म्हणून बदलला! अरे वेड्या, माझ्यापायी नोकरी घालवून बसशील. जपून राहा रे बाबा."

त्याने धाकट्याचा हात धरला तो सोडलाच नाही. मग त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाला, "आणि हे केस कोणत्या गाढवाने कापलेत?"

काटेवाला हसता हसता रडायला लागला. त्याच आठवड्यात दादा गेला. शांतपणे गेला, असं सगळेच म्हणाले.

आलेगेले पांगल्यावर वहिनीने काटेवाल्याला थांबवून घेतलं. चहा ओतून कप त्याच्यापुढे ठेवला.

"भाऊजी, म्हणजे तुम्हाला आकडा कळतो."

त्याने कप जवळ ओढला.

"मग पोरीच्या वेळीही कळत होता."

खरं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे, तुझ्या नवऱ्याला मी शेवटच्या घडीला फसवलं, असं तिला सांगायचं. त्या माउलीपाशी नवऱ्याचं तेवढं हसूच काय ते उरलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

"नोकरी गेली असती, वहिनी," तो म्हणाला.

ती रडली नाही, ओरडली नाही. "बरं," म्हणाली. त्याच्यापुढचा कप तिने उचलला, चहा मोरीत ओतला, कप विसळून फळीवर पालथा घातला आणि तो उठायची वाट बघत दाराशी उभी राहिली.