सिल्वेरांचं रान

कॅलिफोर्नियातल्या आमच्या टेकड्यांवर ओळीनं तीन हिवाळे कोरडे गेले, तेव्हा माझे सासरे एव्हारिस्तो सिल्वेरा यांनी आधी गुरं विकली, मग टेकडीवरच्या घरासकट रान. घेणारे शहरातले शिकारीचे शौकीन होते. त्यांनी तिथं क्लब काढला, ओढा अडवून बदकांसाठी तळं केलं आणि रस्त्यावर लोखंडी फाटक बसवलं. त्या फाटकावर राखणदाराची नोकरी धरली माझ्या नवऱ्यानं, डेल्फिमनं.

सासऱ्यांना ते फार लागलं. पोराकडं परवानगी मागून मी माझ्या रानात पाय ठेवायचा नाही, असं म्हणून ते गावात माझ्या नणंदेकडे राहायला गेले आणि डेल्फिमशी बोलायचे बंद झाले. ईस्टरला सगळे एका टेबलाशी जेवायचो. मीठ डेल्फिमपुढं असलं, तर मला म्हणायचे, "ओतिलिया, त्या साहेबांच्या दरवानाला सांग, मीठ सरकव म्हणावं." नणंद हसायची. डेल्फिम मीठ सरकवायचा आणि मान खाली घालून जेवायचा.

वर्षं गेली. क्लबातली माणसं थकली, त्यांच्या मुलांना शिकारीची हौस नव्हती. शेवटी काउंटी सरकारनं ती जमीन विकत घेऊन सगळ्यांना फिरायला खुली केली आणि डेल्फिमला कामावर ठेवून घेतलं. फाटक उतरवलं त्या सकाळी सासरे आपणहून आले. काठी टेकत, कुणाकडे न बघता टेकडी चढू लागले. आम्ही दोघं मागून निघालो.

वर घराच्या जागी गवत होतं आणि पायाचे चार दगड. खाली तळ्याकाठी लोक डबे उघडून बसले होते. सासरे एका दगडावर बसले. समोरच बघत त्यांनी विचारलं, "घर कुणी पाडलं?"

मला वाटलं, क्लबानं मजूर आणले असतील. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"मी पाडलं, बाबा," डेल्फिम म्हणाला. "ते बाहेरची माणसं लावणार होते. मी म्हटलं, मीच पाडतो."

"एकट्यानं?"

"एकट्यानं. आईच्या खोलीला शेवटी हात लावला."

सासरे दगडावरची माती तळव्यानं पुसत राहिले. डेल्फिम उभाच होता, टोपी हातात धरून. मला तिथं थांबवेना, म्हणून मी थोडी पुढं गेले.

उतरताना सासऱ्यांचे गुडघे आखडले. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि डेल्फिमच्या खांद्यावर हात ठेवला. "सावकाश चाल," ते त्याला म्हणाले. "इथं पूर्वी घसरण होती."

"अजून आहे," तो म्हणाला.