पिवळ्या होडीचा ब्राउझर

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात पिवळी होडी दिसते ना, तो मी. मी एक जुना ब्राउझर आहे. इंटरनेटची पानं उघडून दाखवणं हे माझं काम.

माझ्याआधी या घरात निळा ब्राउझर होता. तो कॉम्प्युटरबरोबरच आला, आंदण आल्यासारखा. मला मात्र आजींनी स्वतः शोधून आणलं. त्या टायपिस्ट होत्या. अक्षर मोठं दिसतं आणि जाहिराती मध्येमध्ये कडमडत नाहीत, म्हणून मी त्यांना पसंत पडलो. सहा वर्षं मी पत्रं उघडली, गाणी ऐकवली, नात चिऊसाठी रंगवायची चित्रं आणली. माझं कौतुक एवढं, की आजींनी पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: ‘होडीच दाबा.’

एका सकाळी कॉम्प्युटर अपडेट झाला आणि एक चौकट आली. ‘शिफारस केलेला ब्राउझर वापरायचा का?’ खाली भलंमोठं ‘हो’, आणि ‘नको’ इतकं बारीक की भिंग लागावं! चिऊच्या आईचा एक हात चिऊच्या वेणीत अडकलेला. तिनं न वाचताच ‘हो’ दाबलं. तेव्हापासून सगळ्या लिंक निळ्याकडे उघडू लागल्या.

नेमका त्याच दिवशी चिऊचा बालवाडीचा अर्ज बारापर्यंत पाठवायचा होता. आदल्या दिवशी आईनं तो माझ्याकडे जवळजवळ पुरा भरून जपून ठेवला होता. लसींच्या तारखासुद्धा तीनतीनदा तपासून! आता तिनं शाळेच्या ईमेलमधली लिंक दाबली. पान निळ्याकडे उघडलं आणि अर्ज कोरा करकरीत.

“आई, सगळं गेलं हो! साडेअकरा वाजलेत!” तिनं आजींना हाक मारली.

“जातंय कुठे? पाय फुटलेत का त्याला?” आजी हात पुसत आल्या.

“मीच काहीतरी दाबलं असणार. माझंच मेलं नेहमी...”

“रडायचं ते बारानंतर रड. आधी बघू दे.”

चिऊ खुर्चीवर चढली. “आज्जी, आज होडी नाही उघडली?”

आजींनी चष्मा सावरला. “अगंबाई, हा तर निळोबा! होडीत ठेवलेलं ह्याच्या खिशात कसं सापडेल?”

त्यांनी मला दाबलं. अर्ज जसाच्या तसा! बाराला दहा कमी असताना तो शाळेत पोचला, आणि आई रडायच्याऐवजी हसत सुटली. मग तिनं सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक ओळ वाचली आणि लिंक पुन्हा माझ्याकडेच उघडतील असं केलं.

निळ्यावर माझा राग नाही. तो चपळ आहे, चिऊच्या बाबांना तोच आवडतो. त्यांनी निवडलाय, खुशाल वापरावा. मित्रांनो, माझं मागणं एवढंच: मोठं बटण दिसलं म्हणून लगेच दाबू नका. शेजारचं बारीक अक्षरही वाचा, आणि आपलं आपण ठरवा.

त्या चिठ्ठीवर ‘होडीच दाबा’च्या खाली आता आईनं लिहिलंय, ‘आधी वाचा.’ चिऊला अजून वाचता येत नाही. तिनं शेजारी पिवळ्या खडूनं एक होडी काढली आहे, थोडी वाकडी, पण बुडणारी मुळीच नाही.