टेकडी दिसतेय

"काकू, टेकडी दिसते का? की परत फिरू?" एवानने विमानातून रेडिओवर विचारलं. "फिरलो तर तुमच्या हातचा सामन मासा बुडतो माझा!"

दूर उत्तरेतल्या आमच्या गावात विमानतळ म्हणजे खडीची एक पट्टी आणि मी, ओलिंका. वैमानिकांना हवा कशी आहे ते बावीस वर्षं मीच सांगत आलेय. पट्टीपलीकडची टेकडी दिसली तर उतरायचं, नाहीतर माघारी जायचं. त्या सकाळी टेकडी कुठली, शेजारचं घरसुद्धा धड दिसत नव्हतं. पडल्या पडल्या गोठणारी भुरभुर चालली होती. दाराची कडी मी कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून सोडवली होती. पण विमानात माझी नास्तासिया होती. पोरगी दोन वर्षांनी घरी येत होती.

"दिसतेय की! ये बिनधास्त," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

हा बोलायचा-ऐकायचा रेडिओ आमच्याकडे घरोघरी चालूच असतो. चाळीस घरांनी ते ऐकलं, आणि चाळीसही घरांना खिडक्या आहेत. पण वडीलधाऱ्या बाईला चारचौघांत खोटं पाडायची आमच्यात रीत नाही. कोणी चकार शब्द काढला नाही.

पंखांवर बर्फ चढलेलं ते विमान पट्टीच्या अलीकडेच धपकन पडलं. नास्तासियाला खरचटलंही नाही. एवानचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सव्वीस वर्षांचं पोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौकशीला शहरातून एक साहेब आला. गावात खानावळ नाही, म्हणून जेवायला माझ्याच टेबलाशी.

"वैमानिक म्हणतो, हवेचं कोणाला विचारलंच नाही, चूक सगळी माझी," तो म्हणाला. "तुम्हाला काही ठाऊक आहे?"

एवान मला वाचवत होता. मी साहेबाच्या कपात चहा ओतला. मग आणखी ओतला.

"आई, चहा पुरे. बोल आता," नास्तासिया म्हणाली.

"सामन घ्या ना थोडा," मी साहेबाला म्हटलं.

पोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि मावशीकडे राहायला गेली. तीन घरं सोडून. साहेब दुसऱ्या दिवशी परत गेला. मी तेव्हाही बोलले नाही. लाज वाटत होती हो, पण भीती तिच्याहून मोठी निघाली.

पंधरा दिवसांनी नवा वैमानिक आला. आभाळ लख्ख होतं. तरी मी बाहेर जाऊन दोनदा बघून आले आणि मग रेडिओ उचलला.

"टेकडी स्वच्छ दिसतेय."

वरून तो अवघडून म्हणाला, "बरं, काकू. आणखी कोणी सांगेल का?"

रेडिओवर वासिली आजोबा खोकले. नव्वदीचा माणूस, जन्मात त्यांनी कोणाचं बोलणं तोडलं नव्हतं.

"दिसतेय," ते म्हणाले.

"दिसतेय," शाळेतली स्वयंपाकीण म्हणाली. मग दुकानवाला. मग एवानची आई, तीही. एकेक घर बोलत गेलं, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत राहिले.

सगळ्यात शेवटी मावशीच्या घरून आवाज आला.

"दिसतेय," नास्तासिया म्हणाली. "ह्या वेळी खरंच दिसतेय."

मग तो उतरला.