हात लावू नका

१९७४ सालची गोष्ट. माझा भाऊ लिंडसे शिडाच्या होडीतून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीला निघाला होता. इंग्लंडहून सुटायचं आणि तिथेच परतायचं. वाटेत किनाऱ्याला लागायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. टास्मानियाच्या दक्षिणेला आमच्या उपसागराच्या तोंडाशी मात्र तो घटकाभर रेंगाळणार होता. मी बाबांना डिंगीत, आमच्या छोट्या नावेत, बसवून वल्हवत नेलं. लिंडसेच्या होडीची फळी न् फळी बाबांच्या हातची होती.

"काय रे ती दाढी! मेंढरं कातरणारा पाठवू का?" बाबा ओरडले.

लिंडसे हसला. महिनोन्महिने कुणाशी न बोलल्यामुळे आवाज पार घोगरा झाला होता. "नोला, बाबांना थंडीत कशाला आणलंस?"

"ऐकतात होय माझं? आणि तू स्वतःकडे बघ, काडी झालायस!"

बाबांनी पिशवीतून आमच्या बागेतलं सफरचंद काढलं. "तुला देता येत नाही म्हणे. मग बघत बस, मीच खातो."

एवढ्यात लाटेनं डिंगी होडीला अगदी भिडायला आली. गाईची पाठ थोपटावी तसा बाबांनी फळीकडे हात नेला.

"बाबा, हात लावू नका! बाद करतील मला!"

चटका बसल्यासारखा बाबांनी हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. परतताना म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." सफरचंद अर्धंच राहिलं.

लिंडसे दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, ओलांडून पुढे गेला आणि इकडे बाबा गेले. रेडिओवरून मीच त्याला कळवलं. मग त्यानं विचारलं, "त्या दिवसाबद्दल काही म्हणाले?"

"बरोबर आहे त्याचं, म्हणाले."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तो म्हणाला.

शर्यत त्यानं पुरी केली. बक्षीस घेताना त्यानं शर्यतीचे पंच पायबस यांना विचारलं, बाबांचा हात होडीला लागला असता तर? ते हसले. "अहो, मदत घ्यायची नाही, एवढंच. बापानं होडी थोपटली म्हणून कोण बाद करतं?"

पायबस पुढे बरीच वर्षं पंच होते. लिंडसे पुन्हा समुद्रावर गेला नाही. होडी त्यानं मालवाहू जहाजावरून आणवून आमच्या अंगणात ठेवली. गावातली पोरं तिच्यावर चढायची, रंग खरवडायची. मी ओरडले की तो आतून म्हणायचा, "लावू दे गं हात." गेल्या हिवाळ्यात तोही गेला. पोरं अजून येतात. मी आता ओरडत नाही.