आतले उस्ताद

हे सगळं घडलं एकोणीसशे एकोणसत्तर साली. बारकी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. आईवडील गेल्यावर ती काकांकडे आली तेव्हा अगदी काडीसारखी होती, म्हणून हे नाव पडलं. पुढे ती हाडापेराने चांगली थोराड झाली, तरी नाव काही सुटलं नाही.

काकांचं वाद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर राहायच्या दोन खोल्या. दुकानाचा लौकिक होता तो रेझोनेटर गिटारींसाठी. या गिटारीच्या पोटात पातळ पत्र्याचा शंकू असतो. तारांचा आवाज तो उचलतो आणि मोठा करून बाहेर टाकतो. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तारा बोटांनी दाबायच्या नाहीत, वरून पोलादी बार सरकवायचा. मग सूर एका जागी उभा राहत नाही, घसरत जातो, गहिवरल्या माणसासारखा.

काकांनी गिटार निवडायची एक रीत पाडली होती. दुकानाच्या मधोमध जाड, मरून रंगाचा पडदा. गिऱ्हाईक पडद्यापुढे खुर्चीत बसणार, आतून एकेक गिटार वाजणार, आणि गिऱ्हाइकाने नुसतं पहिली, दुसरी की तिसरी एवढंच सांगायचं.

"डोळा लबाड असतो," काका म्हणायचे. "निकेलची चकाकी दिसली की माणूस कानाला विचारतच नाही."

आत कोण वाजवतंय, हे मात्र ते सांगत नसत. "आमचे आतले उस्ताद आहेत. चारचौघांत येत नाहीत." लोकांनी आपापल्या मनाने उस्तादांना पांढरी दाढी चिकटवली होती. काकू स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणायच्या, "उस्ताद, दाढी विंचरून झाली असेल तर चहा घ्या."

उस्ताद म्हणजे बारकी. पडद्यामागे एक स्टूल, भिंतीला टेकवलेल्या गिटारी, आणि खिडकी नाही. सकाळी दुकान उघडलं की ती तिथे बसायची ते दुकान बंद होईपर्यंत. बाहेरून कुणाचा उसासा यायचा, कुणी वा म्हणायचं, मग गिटार पडद्याच्या फटीतून निघून जायची आणि वा म्हणणाराही जायचा. त्याचं तोंड तिला कधी दिसत नसे.

शिवाय एक आतली गोष्ट होती. एखादा नग फार दिवस पडून राहिला की तो वाजताना काका खोकायचे. खोकला आला की बारकीने त्या गिटारीत जीव ओतायचा. ठोकळ्यालाही ती गायला लावायची. लोक तीच गिटार घेऊन जायचे, आणि घरी जाऊन आपल्या हाताला दोष द्यायचे.

तिची स्वतःची अशी एकच गिटार होती. धातूची, एका शंकूची, कुशीला पोचा आलेली, म्हणून कुणी न घेतलेली. जाड तारेचा सूर विझता विझता ती बारीकशी खरखरायची. बारकी म्हणायची, "झोपताना कुरकुरते." थंड पत्रा मांड्यांवर ठेवला आणि बार सरकवला की सूर कानाआधी गुडघ्यांत यायचा. बारकीला ती गिटार तशीच ठाऊक होती, मांड्यांतून.

त्या वर्षी एक बँडमास्तर दुकानात आला. त्याचा वाद्यवृंद गावोगाव फिरायचा आणि बार सरकवून स्लाइड गिटार वाजवणारा त्याला सोडून गेला होता. वाद्य आधी घेतो, माणूस मागून शोधतो, असं म्हणून तो खुर्चीत बसला. बारकीने तीन शंकूंची वाजवली. तिचा सूर रेंगाळतो. मग लाकडी वाजवली, ऊबदार. मग एका शंकूची, जी सूर फेकते आणि लगेच आवरून घेते. मधली लाकडी वाजताना काका खोकले.

बँडमास्तर खुर्चीत पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "वाद्य बदलतंय, पण मला एकच माणूस ऐकू येतोय." उठला आणि त्याने सरळ पडदा बाजूला केला.

त्या दुकानात असं आजवर कुणी केलं नव्हतं. बारकी बार हातात धरून तशीच बसली. उजेडाने तिचे डोळे बारीक झाले.

"दाढी कुठंय?" तो म्हणाला. स्वयंपाकघरात काकू फिसकन हसल्या.

त्याने आडपडदा ठेवला नाही. गिटार नको, ही मुलगी हवी. वृंदात आणखी दोन बायका आहेत, राहायची सोय नीट आहे, उद्या दुपारी बस निघणार.

"दुकान तिच्या हातावर चालतं," काका म्हणाले.

"तिला विचारा."

बारकीला जायचं होतं. जायचं, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्यांनी भरवलं, शिकवलं, तापात कपाळावर घड्या ठेवल्या, त्यांच्या तोंडावर ते कसं म्हणायचं. तिने काकांकडे पाहिलं, आणि काकांनी ते पाहणं बरोबर पकडलं.

"कान आहे म्हणता ना हिला? मग आज ही खुर्चीत बसेल, मी आत वाजवतो. तीन गिटारींतून हिने स्वतःची ओळखावी. ओळखली तर गिटार घेऊन खुशाल जाऊ दे. नाही ओळखली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"अहो, ती तर डोळे मिटून ओळखेल," बँडमास्तर म्हणाला. बारकीनेही मान डोलावली. आपल्या मांडीवरची गिटार, त्यात काय ओळखायचं?

ती खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. मांड्या मोकळ्या, हात मोकळे. समोर पडदा. आत काकांची खुडबुड चालली होती, स्वयंपाकघराचं दार लागल्याचाही आवाज आला.

पहिली वाजली. काकांची बोटं वाकडी झालेली, बार तारांवर खडखडत होता. ही नव्हे. दुसरी वाजली आणि खरखर आली. बारकी सावरून बसली. पण ही खरखर सूर उमटतानाच आली होती, आणि बारीक तारेवरही. आपली असं करत नाही. तिसरी तर लाकडी होती, उघडच.

यात माझी नाहीच. हे वाक्य अगदी जिभेवर आलं. मग तिला वाटलं, आपण समोरून कधी ऐकली आहे का? समोरून अशीच लागत असेल. एवढी माणसं या खुर्चीत बसून गेली, त्यांना काय ऐकू यायचं, आपल्याला काय माहीत? गुडघ्यांत काहीच कळत नव्हतं. आणि काका खोटं कशाला करतील?

"दुसरी," ती म्हणाली.

पडद्याआडून काकांचा आवाज आला. "चुकलीस, पोरी. पहिली."

बँडमास्तरने तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलेल म्हणून तो थांबला, मग टोपी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी भांडी घासत होत्या. काकूंनी एकच पातेलं घासून घासून झिजवत आणलं होतं.

"तुझी गिटार माझ्याकडे होती," त्या पातेल्याला सांगावं तसं म्हणाल्या. "इथंच, पाटावर बसले होते मांडीवर घेऊन. आवाजाने तारा आपोआप घुमायला लागतात म्हणे, म्हणून वर हात दाबून धरायला सांगितलं होतं. दुसरीच्या शंकूवरच्या झाकणाचा स्क्रू ढिला केला होता त्यांनी, तीही खरखरावी म्हणून."

बारकी ओल्या हातांनीच दुकानात गेली. काका पडदा झटकत होते.

"खरं का?"

"खरं." त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या जिभेवर काय आलं होतं, तेवढं सांग."

"यात माझी नाही, असं."

"मग बोलली का नाहीस? तिकडे रोज हॉलभर माणसं समोर बसली असती. तिथं कुणाच्या तोंडाकडे बघणार होतीस?"

लबाडी त्यांची होती आणि उत्तर तिच्याकडे मागत होते. तिने मागे जाऊन उरलेली भांडी घासली. दुपारी बस निघायची वेळ झाली तशी ती दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली. पायात चपला होत्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि खुर्चीत बसलं. काका पडद्याची कड धरून उभे राहिले. बारकी आत जाऊन स्टुलावर बसली.

मात्र त्या दिवसापासून काका कितीही खोकले तरी ठोकळा ठोकळ्यासारखाच वाजू लागला.

बँडमास्तरचा वृंद आणखी काही वर्षं फिरला, मग मोडला. शेवटी तो एका शाळेत मुलांकडून संचलनाची गाणी बसवून घ्यायचा, असं कानावर आलं. त्याला स्लाइडवाला पुन्हा मिळाला की नाही, ते कळलं नाही. काकांचा खोकला पुढे खराच झाला आणि त्यातच ते गेले. आजारपणात बारकीने त्यांचं सगळं केलं. पण त्यांनी वाजव म्हटलं की ती बार कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणायची. दुकान तिने पुढेही चालवलं, लग्न केलं नाही. पडदा काढून त्याच्या कापडातून गिटारींसाठी खोळी शिवल्या.

काकू खूप जगल्या. म्हातारपणी त्यांनी हट्टाने गिटार शिकायला घेतली. एकच चाल त्यांना येई, तीही अडखळत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या पोचा आलेली गिटार मांडीवर घेऊन स्टुलावर बसायच्या आणि बारकीला म्हणायच्या, "उस्ताद, तुम्ही तिकडं खुर्चीत बसा."

बारकी बसायची. जाड तारेवरचा सूर विझत यायचा आणि अगदी शेवटी ती खरखर यायची. समोरूनही ती तशीच ऐकू येत होती.